थोरलीच्या गळ्यात यंदा

मंगळवार, 2 सप्टेंबर 2025. वागळे इस्टेटच्या किसननगरात, माझ्या माहेरी, दुपारचे साडेचार वाजलेत. गौरींना दहीभाताचा नैवेद्य दाखवून झालाय. वाटून उरलेले मुरडीचे कानवले आईने डब्यात भरलेत. वहिनी हळदीत भिजवलेल्या सुताला गाठी मारत बसली आहे. सोळा पदर, सोळा गाठी. एका गाठीत झेंडूची पाकळी, एकीत खारकेचा तुकडा, एकीत बेलाचं पान. उत्तरपूजा सहाला. तोवरचा वेळ ताईचा, कारण तिकडे न्यू जर्सीत, एडिसनला, आता सकाळचे सात वाजलेत आणि ती उठली असणार.

फोन मी पाण्याच्या हंड्याला टेकवून उभा करते. इथून दोन्ही गौरी, गणपती आणि स्वयंपाकघराचं दार एकदम दिसतं. दोनदा रिंग जाते आणि ताई येते. केस अजून मोकळे, हातात सुरी, समोर भाच्याचा डबा. उन्हाळ्याची लांब सुट्टी संपून त्याची शाळा आज उघडतेय.

"हलवल्या नाहीत ना अजून?"

"नाही. सहानंतर."

"मग बोल. काय काय झालं?"

तसे फोटो तिला सगळे पोचलेत. दादाच्या मुलीने रविवारपासून घरच्या ग्रुपवर ढीग टाकलाय: उंबऱ्यापासून आतपर्यंतची कुंकवाची पावलं, उभ्या गौरी, पाटावरचं ताट, हळदीकुंकवाला आलेल्या बायका, पुन्हा गौरी. ताईने प्रत्येकाखाली जोडलेले हात टाकलेत आणि 'छान' लिहिलंय. ताई 'छान' एवढंच लिहिते तेव्हा तिचं समाधान झालेलं नसतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे. फोटोत पुरणपोळी दिसते. ती तव्यावर फुटली का, फुटली तर कोणाला बोल बसला, हे कुठे दिसतं? ताईला ते हवं असतं. तिच्या जागी मी असते तर मलाही तेच हवं असतं.

"पहिल्यापासून सांग. गौर आत कोणी आणली?"

हा प्रश्न तिने विचारावा आणि मी उत्तर द्यावं, यासाठीच मी डोंबिवलीहून तीन दिवस मुक्कामाला येते. मला माहेर लोकलच्या अर्ध्या तासावर आहे. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. दोघी बहिणी, थोरली आणि धाकटी, तीन दिवस माहेरपण करून जातात. आमच्यातली थोरली एकवीस-बावीस तासांच्या प्रवासावर राहते, तेव्हा दोघींच्या वाटची खबर गोळा करणं धाकटीकडे आलं.

"चिमणीने आणली. पहिल्यांदा."

चिमणी म्हणजे दादाची मुलगी. आता नववीत आहे, पण घरात चिमणीच. आमच्याकडे मुखवटे ताम्हनात घेऊन दारातून आत यायचं, प्रत्येक खोलीत थांबायचं. आतून आई विचारते कोण आलं, काय घेऊन आलं, आणि आणणारीने धनधान्याचं, गुराढोरांचं, लेकराबाळांचं नाव घेत उत्तर द्यायचं. लग्नाआधी हे काम ताईचं होतं, मग माझं. रविवारी चिमणी स्वयंपाकघराच्या दारात थांबली, आईने विचारलं, आणि पोरीला हसू फुटलं. ताम्हन हलायला लागलं. वहिनी डोळे वटारतेय, दादा मागे घंटा वाजवतोय, आणि हिचं हसू थांबेना.

"मग? आई काय म्हणाली?"

"म्हणाली, गौराई हसत आली, आता वर्षभर हसू दे घर."

ताई सुरी खाली ठेवते आणि मोठ्याने हसते. चिमणीच्या मोबाइलमध्ये त्या क्षणाचा फोटो आहे, पण त्यात ती नुसती खाली मान घालून उभी दिसते.

मग रविवारची शेपूची भाजी आणि भाकरी. ती सांगताना ताई मला थांबवते. तिकडे शेपू कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतो, ती सांगते, लोक माशाबरोबर खातात. आणि तेरडाही बागांतून लावतात, तिच्या शेजारणीच्या दारातच गुलाबी तेरडा फुललाय. तिने मागून चार डहाळ्या आणल्या. शेजारीण विचारत होती कशाला, तर हिने सांगितलं, आमच्याकडे या पाहुण्या येतात त्यांच्यासाठी. काल सोमवारी तिकडे लेबर डेची सुट्टी होती. ती दर वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येते आणि गौरीपूजन यंदा नेमकं त्याच दिवशी आलं, म्हणून ताईला रजा न टाकता पूजा करता आली. दोन तांब्यांवर नारळ, नारळावर हळदीने काढलेले नाकडोळे. फोन फिरवून ती आम्हाला दाखवते. धाकटीचं नाक जरा तिरकं झालंय.

"मुखवटे पोचले असते तर बरं झालं असतं," आई आतून म्हणते.

सगळ्यांची नजर कपाटावरच्या खोक्याकडे जाते. पितळेचे दोन लहान मुखवटे, खणाचे दोन तुकडे, मेतकुटाची पिशवी, भाच्यासाठी मोदकाचा साचा. अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या वस्तूंवरची जकातमाफी 29 ऑगस्टपासून काढली. नवी जकात कोणी आणि कशी गोळा करायची हे ठरेना, तेव्हा विमानं ते टपाल घेईनात, आणि आपल्याकडून अमेरिकेचं पार्सल 25 ऑगस्टपासून तात्पुरतं थांबलं. गणपतीला दोन दिवस उरलेले. परवा, 31 तारखेला, तर साध्या पत्रांचीही नोंदणी थांबल्याचं जाहीर झालं. फोन आहे म्हणून आमचं अडलं नाही. पण या घडीला टेबलावर बसून बहिणीला एक पत्र लिहावं आणि टपालात टाकावं म्हटलं तर ते जाणार नाही, ही गोष्ट मला दोन दिवस टोचतेय.

मी सोमवारचं सांगते. कामाचा वार असल्यामुळे हळदीकुंकवाला बायका दोन खेपांत आल्या. पहिल्या खेपेला गल्लीतल्या, दुपारी तीनपासून. दुसऱ्या खेपेला रात्री साडेआठनंतर नोकरीवाल्या, थेट ऑफिसातून, गळ्यात ओळखपत्राची दोरी तशीच. एकीने कुंकू लावून घेताना ती दोरी मागे सरकवली, आणि वहिनीला वाटलं मंगळसूत्रच तुटलं. समोरच्या काकू गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा जिना चढून आल्या. जिन्याच्या वळणावर थांबल्या, तिथे त्यांना खुर्ची नेऊन दिली. फुगडी झाली. आईने दोन फेरे धरले.

"आईने? कंबर?"

"नाही दुखली."

"खरं सांग."

"रात्री शेक घेतला."

ताई मान हलवते. शेक कशाने घेतला, हेही ती विचारते. मी सांगते, मिठाच्या पुरचुंडीने. तेवढ्यात भाचा कॅमेऱ्यासमोर येतो, "आजी, गौराई गेली?" असं त्याच्या मराठीत विचारतो आणि आजीचं उत्तर ऐकायला थांबत नाही. त्याचा एक मोजा सापडत नाहीये.

ताई का येऊ शकली नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, तरी आई दर वर्षी विचारते आणि ताई दर वर्षी न चिडता समजावते. तिचं तिथे राहणं कायदेशीर, नोकरी चालू. पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय. तिथे असेपर्यंत काही नडत नाही. एकदा इकडे आली की परत जाण्याआधी नवा शिक्का घ्यावा लागतो. आजवर तिच्यासारख्यांना नुसते कागद जमा करून भागायचं. आजपासून, याच 2 सप्टेंबरपासून, ती सवलत बहुतेकांची गेली, आता समक्ष मुलाखत. मुलाखतीची तारीख लांबली तर नोकरी इकडे बसून सांभाळायची कशी? आईचाही पासपोर्ट आहे. वागळे इस्टेटमध्येच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, आम्ही चालत गेलो होतो. दूरदूरची माणसं तिथे बॅगा घेऊन आलेली असतात. आईच्या पासपोर्टवर अजून एकही शिक्का नाही. तो गौरीच्या दागिन्यांच्या डब्यात असतो.

आणि तिथूनच ताई वळते.

"एक विचारू? थोरलीच्या गळ्यात बोरमाळ दिसत नाही. सगळे फोटो पाहिले मी. दिसतेय ती बोरमाळ आपली नाही."

वहिनीच्या हातातली गाठ अर्धी राहते. फोनमधून दिसणार नाही अशा जागी, स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून आई मला हात हलवून खुणावते. नको, आज नको.

बोरमाळ अण्णांनी करवली होती. वडील इथल्याच एका कंपनीत फिटर होते, आणि दर दिवाळीच्या बोनसातून दोन-दोन मणी वाढवत ती पुरी झाली. गौरीपूजनाच्या दिवशी ती थोरलीच्या गळ्यात घालायची, आणि गौरी हलवल्या की आईच्या. अण्णा गेल्यानंतरही हे चुकलं नाही. यंदा थोरलीच्या गळ्यात आहे ती वन ग्रॅमची, जांभळी नाक्यावरून आणलेली. मणी जरा मोठे आहेत आणि पिवळा रंग जास्त तकतकीत. गल्लीतल्या कोणालाही कळलं नाही. आठ हजार मैलांवरून ताईला कळलं, फोटो बोटांनी मोठा करून.

"रात्री सांगते," मी म्हणते.

"म्हणजे आहे काहीतरी."

"आहे. रात्री सांगते. तू डबा भर."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहते. मग बस यायची वेळ झाली म्हणून फोन ठेवते.

दूरच्या माणसाला घरची फक्त गोड बातमी कळवायची, ही पद्धत मी घरोघर पाहिली आहे. तिला कशाला टेन्शन, ती तिथे काय करणार, झाल्यावर सांगू. माया असते त्यात, मला कळतं. पण असं चार-पाच वर्षं केलं की ती बहीण पाहुणी होते. तिच्यासाठी घर आवरून ठेवायचं, तिला बाहेरची खोली दाखवायची, आणि आतली कडी लावून घ्यायची. मला हे सोसत नाही.

सहाला उत्तरपूजा होते. अक्षता टाकून दादा दोन्ही मुखवटे किंचित हलवतो, आणि तीन दिवस उभ्या असलेल्या बाया पुन्हा साड्या, डबे आणि लोखंडी स्टँड होतात. मुखवटे आमच्याकडे विसर्जित करत नाहीत, फक्त तेरड्याची रोपं आणि गणपती. वहिनी सुताचे दोरे सगळ्यांच्या हातात देते. ताईच्या नावाचा एक वेगळा काढून ती तो कपाटावरच्या खोक्यात सारते. पार्सल कधी सुरू होईल तेव्हा जाईल.

मूर्ती शाडूची, दीड वितीची. दादा टोपी घालून, अनवाणी, पाट डोक्यावर घेऊन निघतो. मागे सुपात तेरडा घेऊन आई, मग आम्ही. गल्लीतून बाहेर पडलं की रस्ता तुंबलेला. एका बाजूला ढोल, दुसऱ्या बाजूला स्टेशनच्या शेअर रिक्षांची रांग. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या टीव्हीवर आझाद मैदान दिसतंय, मराठा आरक्षणाचं उपोषण सुटल्याची बातमी, आणि दुकानासमोर इतकी माणसं थांबलीत की दादाला वाट काढायला ओरडावं लागतं. बाप्पा बघून लोक बाजूला होतात, हात जोडतात आणि मान परत टीव्हीकडे वळवतात.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 च्या ऑगस्टमध्ये स्थापन झालं आणि त्याची पहिली औद्योगिक वसाहत ही, वागळे इस्टेट. रस्त्यांना अजून नावांपेक्षा नंबरच जास्त: सोळा नंबर, बावीस नंबर, अठ्ठावीस नंबर. अण्णांसारखे हजारो जण सातारा-सांगलीहून, कोकणातून इथे आले आणि कंपन्यांच्या भोवती चाळी उठल्या, मग चाळींच्या जागी अशा तीन-चार मजली इमारती. पत्र्याच्या शेडच्या बऱ्याच जागांवर आता काचेच्या इमारती आहेत. गणपती मात्र तेव्हाच्याच घरांतून निघतात. सातव्या दिवशी इतके गणपती एका वाटेने जाताना पाहिले की कळतं, गावाकडून आलेल्या या घरांनी गौरी सोडल्या नाहीत.

आई माझ्याशेजारून चालतेय. सूप छातीशी धरलेलं. मध्येच म्हणते, "आक्कानं माझ्यापासनं कधी काय लपवलं न्हाई."

आक्का म्हणजे आईची थोरली बहीण, पाटण तालुक्यातली. आई लग्न होऊन ठाण्याला आली तेव्हा तीच दूरची बहीण होती. गौरी झाल्या की आठ-दहा दिवसांनी आक्काचं निळं आंतरदेशीय पत्र यायचं. ती चौथी शिकलेली. सगळा कागद भरल्यावर समासात उभं लिहायची, मग घडी घालायच्या पट्टीवर, आणि चिकटवायच्या डिंकापर्यंत अक्षरं जायची. फोडताना एखादी ओळ फाटायचीच. ही पत्रं मी वाचली आहेत, आईने ठेवलीत. त्यात थोरलीला हिरवं लुगडं नेसवल्याचं आहे, पुरण पातळ झाल्याचं आहे, आणि त्याच ओळीत पुढे पाऊस न उघडल्यामुळे भुईमूग कुजला, बैल विकला, चुलत्यांनी बांधावरून भांडण काढलं, हेही आहे. नवी ओळ नाही, मध्ये जागा नाही. लुगडं आणि बैल शेजारी शेजारी.

"बैल विकल्याचं वाचून मी रडली व्हते," आई सांगते. "चूल पेटवली न्हाई त्या दिवशी. अण्णांनी शेजारून भाकरी आणली. पर मला कळलं. न कळतं तर गावाला गेल्यावर गोठ्यात कुणाला हाक मारली असती?"

मी काही बोलत नाही. ती पुढे म्हणते, "सांगून टाक तिला रात्री. न्हाईतर मीच सांगते."

रायलादेवी तलावापाशी महापालिकेने मांडव घातलाय. आरतीसाठी टेबलं, बांबूचे कठडे, निर्माल्याचे मोठे पिंप. ठाण्यात निर्माल्याचं खत होतं, त्यामुळे हार-फुलं वेगळी, प्लास्टिक वेगळं, असं स्वयंसेवक पोरं घसा ताणून सांगतायत. कृत्रिम तलावांची सवय ठाण्याला बरीच वर्षं आहे. यंदा जुलैमध्ये उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या पीओपीच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितल्या, तेव्हा गर्दी जास्तच. शाडूची असली तरी आमची मूर्तीही हौदातच जाते.

साडेसातला फोन थरथरतो. ताई. दोन मीटिंगच्या मध्ये तिने पाच मिनिटं काढलीत. मी फोन डोक्याच्या वर धरते. ढोलामुळे तिचं काही ऐकू येत नाही, तिला आमचं येत नसणार. चित्र अडकतं, सुटतं, परत अडकतं. दादा मूर्ती स्वयंसेवकाच्या हातात देतो, तो कमरेएवढ्या पाण्यात उतरतो, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मी फोनकडे पाहते तर पडद्यावर मघाचंच थांबलेलं चित्र आहे, ताईचे जोडलेले हात आणि अर्धा चेहरा. मग तेही जातं.

"पाहिलं का तिनं?" आई विचारते.

"पहिली बुडी पाहिली असेल."

विसर्जनाहून येताना वाळू आणायची आणि घरात, धान्याच्या डब्यांपाशी टाकायची, ही आमची रीत. गावाकडे नदी होती. इथे सिमेंट-पत्र्याच्या हौदात वाळू कुठली? आई दर वर्षी तलावाच्या कडेला वाकते आणि खडे वेचते. आताही एका हाताने कठडा धरून ती वाकलीय. ओला, काळा, बोराएवढा एक खडा उचलते, बोटांनी चिखल पुसते, उजेडात बघते आणि टाकून देते. दुसरा घेते. असे पाच निवडून ते रिकाम्या सुपात ठेवते. मग थोडा विचार करून अजून एक उचलते आणि तो माझ्या हातात देते. "हा तिच्या खोक्यात टाक."

रात्री पावणेदहाला आम्ही जेवायला बसतो. उरलेली आमटी, भात, तळलेले कानवले. ताईची दुपारची जेवणाची सुट्टी झालीय. तिच्या पुढ्यात कालची पुरणपोळी आहे, ऑफिसच्या गाडीतळावर मोटारीत बसून ताई ती खातेय. फोन आता ताटांच्या मधोमध आहे, वाटीला टेकवलेला.

"आता सांग."

मी तोंड उघडायच्या आत आई फोन स्वतःकडे वळवते.

"बोरमाळ गहाण हाय. बँकेत. चोरीला न्हाई गेली, मोडली न्हाई. पावती दागिन्यांच्या डब्यात हाय, तुला फोटो पाठवायला सांगते."

मग ती सगळं सांगते, आक्कासारखं, मध्ये जागा न सोडता. पावसाळ्याआधी इमारतीचं ऑडिट झालं, दुरुस्ती रिकामी करूनच करावी लागेल असं निघालं. सगळ्या भाडेकरूंनी, मालकांनी बसून ठरवलं, दिवाळीनंतर बाहेर पडायचं. भाड्याच्या जागेला डिपॉझिट लागतं, दलाली लागते, दादाच्या हातात एवढे नव्हते. सोन्याचा भाव तोळ्याला लाखाच्या वर गेलाय, त्यामुळे पैसे पुरेसे आले, मोडायची वेळ आली नाही. जागा कामगार हॉस्पिटलच्या बाजूला पाहिलीय. पहिला मजला, नळाला पाणी दोन वेळ. आणि कंबर दुखते, पण फुगडीमुळे नाही, आधीपासून दुखते.

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मला वाटतं पुन्हा नेटवर्क गेलं. पण पडद्यावर ताईची पापणी हलतेय.

"त्याला दे फोन," ती म्हणते.

दादा घास तोंडात ठेवूनच फोन घेतो.

"मला विचारलं का नाहीस?"

"तू पैसे पाठवले असतेस."

"मग?"

"मग काही नाही. तुझ्या मागे तुझं आहे. घराचा हप्ता, त्याची शाळा. नोकऱ्यांचं तिकडे काय चाललंय ते वाचतो मी."

"ते मी बघेन ना. ती माळ अण्णांनी करवली तेव्हा मी सोनाराकडे त्यांच्याबरोबर जायचे. तू झालाही नव्हतास."

"माहितीय मला."

"माहितीय तर गौरीच्या गळ्यात खोटी घालताना हात कसा झाला तुझा?"

दादाचा चेहरा उतरतो. वहिनी ताटातून उठते. "वन्सं, ती मी घातली. मोकळा गळा बघवेना मला."

हे ऐकून ताईचा आवाज एकदम खाली येतो. "तुला नाही म्हणत मी. तुझं बरोबर आहे." मग पुन्हा दादाला, पण आता नेहमीच्या सुरात: व्याज किती, मुदत किती, पावतीवर वजन किती लिहिलंय, मणी मोजून दिलेत का. दादा एकेकाचं उत्तर देतो. वजन तिला तोंडपाठ आहे. पावतीवरच्या आकड्याशी जुळतं तेव्हा ती हुश्श करते. निम्मे ती भरणार, निम्मे तो, असं ठरतं. कधीपासून यावर परत जुंपते. आई दोघांनाही गप्प करते.

"नव्या जागेत गौरी कुठल्या भिंतीला उभ्या करणार?" ताई विचारते.

हे कोणाच्याच डोक्यात आलेलं नसतं. दादा हाताने हवेत खोलीचा आकार काढतो: इकडे दार, इकडे खिडकी, इथे मोरी. ताई म्हणते, खिडकीखाली नको, वाऱ्याने समई जाते. चिमणी वहीचं पान फाडून नकाशा काढायला घेते. स्टँडची उंची किती, विचारतात. मी उठून टेपने मोजते, साडेतीन फूट. मागे मखर धरून दीड फूट जागा हवी. नकाशा कॅमेऱ्यासमोर धरला जातो, ताई त्यावर फ्रिज डावीकडे सरकवायला सांगते.

"बरं, माझी पंधरा मिनिटं राहिलीत," ती म्हणते आणि पोळीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकते. "हळदीकुंकवाला वहिनीच्या माहेरचं कोण आलं होतं? ते कोणी सांगितलंच नाही मला."

वहिनी हात धुऊन, पदराला पुसत येते आणि फोन उचलून घेते. "ऐका, वन्सं. माझी आई आली होती, धाकटी बहीण आली होती, आणि तिची सासूसुद्धा आली होती. त्या सासूबाईंचं तर तुम्हाला वेगळंच सांगायचंय."